आभासी जगात परभाषेचा सराव: सीमाभागातील नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी माणसाने कन्नड कसे आत्मसात केले, हे आठवून पाहिले तर या लेखाचा अर्धा विषय लक्षात येतो. शाळेने लिपी शिकवली, थोडे व्याकरणही शिकवले. पण बोलणे आले ते बसच्या कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालताना, तहसीलदार कचेरीत उतारा मागताना आणि गल्लीत शेजारच्या मुलांबरोबर क्रिकेट खेळताना. काम अडलेले असे, समोरच्याला मराठी येत नसे, आणि वाक्य कसेबसे जुळवावेच लागे. जर्मन, जपानी किंवा फ्रेंच शिकणाऱ्याची खरी अडचण ही आहे की त्या भाषेचा असा बाजार आपल्या गावात भरत नाही. जर्मनसाठी मॅक्सम्युलर भवन किंवा फ्रेंचसाठी आलियान्स फ्रान्सेज गाठायचे तर पुणे सुमारे साडेतीनशे किलोमीटर आणि बंगळूर सुमारे पाचशे किलोमीटर दूर आहे. ऑनलाइन तास लावता येतो, पण तिथे बोलायला मिळतात ती मिनिटे वीस विद्यार्थ्यांत वाटली जातात.

ही उणीव कोणाला किती जाचते, हे परीक्षेवर अवलंबून आहे. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवायची असेल तर साधारणपणे बी२ पातळीचे (ए१ ते सी२ या सहा युरोपीय पातळ्यांपैकी चौथ्या) जर्मन मागितले जाते, आणि ग्योटे संस्थेच्या, म्हणजे आपल्याकडच्या मॅक्सम्युलर भवनाच्या, परीक्षांत वाचन, श्रवण व लेखनाबरोबर बोलण्याचाही भाग असतो. जपानीच्या जेएलपीटी या प्रमाणपत्र परीक्षेत मात्र बोलण्याची चाचणीच नसते. त्यामुळे एन४चे, म्हणजे खालून दुसऱ्या पातळीचे, प्रमाणपत्र हातात असूनही जपानी पाहुण्यासमोर तोंड न उघडणारे विद्यार्थी तयार होतात. दोघांनाही आभासी जगाचा उपयोग आहे. पहिल्याला परीक्षेसाठी आणि दुसऱ्याला परीक्षा जे तपासत नाही त्यासाठी.

आभासी जग म्हणजे संगणकावरची एक त्रिमितीय जागा. तिथे आपण अवतार, म्हणजे आपल्या नावाची पडद्यावरची आकृती, घेऊन फिरतो, इतरांच्या अवतारांशी टंकून किंवा प्रत्यक्ष आवाजात बोलतो, वस्तू उचलतो, घरे बांधतो, आणि आपण बाहेर पडलो तरी ते जग चालूच राहते. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅबने २००३ साली सुरू केलेले सेकंड लाइफ हे त्याचे जुने आणि अजून चालू असलेले उदाहरण आहे. ग्योटे संस्था आणि स्पेनची सर्व्हांतेस संस्था यांनीही एके काळी तिथे आपापली बेटे, म्हणजे स्वतःच्या आभासी जागा, उभारली होती. व्हिडिओ कॉलपेक्षा यात वेगळे काय, असा प्रश्न नवखा माणूस विचारतो आणि तो रास्त आहे. व्हिडिओ कॉलवर दोन चेहरे समोरासमोर असतात आणि 'आता काय बोलायचे' हे ओझे दोघांवर असते. आभासी जगात समोर एक दार, एक पूल, एक बंद पडलेली लिफ्ट असते, आणि बोलणे त्या वस्तूभोवती आपोआप सुरू होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर यांनी १९६०च्या दशकात आज्ञा ऐकून शरीराने कृती करत भाषा शिकण्याची पद्धत मांडली होती. 'दार उघड', 'डावीकडे वळ', 'ती पेटी मला दे' या वाक्यांवर अवतार लगेच कृती करू शकतो, म्हणून ती पद्धत इथे चांगली लागू पडते. शिवाय चुकीचे वाक्य बोलले गेले तर ते अवताराच्या तोंडून बोलले जाते, आणि लाजऱ्या माणसाला एवढाही आडोसा पुरतो.

एक अट मात्र आधीच सांगितली पाहिजे. शून्यापासून भाषा शिकण्याची ही जागा नव्हे. वर्णमाला, अंक, स्वतःची ओळख, साधे प्रश्न आणि वर्तमानकाळ येण्यापूर्वी या जगात शिरणारा माणूस तासभर भटकतो, इंग्रजीत दोन वाक्ये बोलतो आणि परत येतो. ए१ पातळीचा किमान निम्मा अभ्यासक्रम वर्गात किंवा पुस्तकातून झाला असेल तरच पुढच्या पायऱ्या चढाव्यात.

जग निवडणे

निवड करताना चित्रे किती देखणी आहेत हे पाहू नये. तिथे आपली भाषा बोलणारी माणसे, आपण जाऊ त्या वेळी, असतात का, एवढेच पाहावे. बर्लिनसारखी किंवा पॅरिससारखी हुबेहूब सजवलेली गल्ली पाहून पुष्कळ जण भुलतात, आणि आत गेल्यावर सगळे इंग्रजीत टंकत असल्याचे आढळते.

सेकंड लाइफमध्ये प्रौढ माणसे जास्त आणि संभाषण बरेचसे लिखित असते. त्यामुळे वाक्य वाचायला, शब्दकोश पाहायला आणि उत्तर जुळवायला सवड मिळते. ए१ किंवा ए२ पातळीच्या, विशेषतः नोकरी करणाऱ्या शिकाऊ माणसाला मी हेच सुचवीन. तिथली प्राथमिक नोंदणी विनामूल्य आहे. लेखी संभाषण साधारण वीस मीटरच्या आत असणाऱ्यांनाच दिसते, हे नवख्याला माहीत नसते. लांबून नमस्कार टंकून उत्तर आले नाही म्हणून खट्टू होऊ नये, चार पावले जवळ जावे.

व्हीआरचॅट हे तरुणांचे, आवाजाचे आणि गोंगाटाचे जग आहे. त्यासाठी डोक्यावर चढवायचे हेडसेट लागते हा गैरसमज आहे. साध्या पडद्यावर, कळफलक आणि माऊस वापरूनही ते चालते. जपानी शिकणाऱ्याने मात्र इकडेच यावे, कारण जपानी वापरकर्त्यांची संख्या येथे मोठी आहे आणि इंग्रजी व जपानी बोलणाऱ्यांनी परस्परांना भाषा शिकवावी म्हणून बांधलेल्या खास जागाही आहेत. या जपानी मंडळींत न बोलणाऱ्यांचा एक मान्यताप्राप्त वर्गच आहे. त्यांना 'मुगोनझेई' म्हणतात. ते मान हलवून, हातवारे करून किंवा हवेत लेखणीने लिहून संभाषणात भाग घेतात, आणि त्यांना कोणी शिष्ट समजत नाही. नवशिक्यासाठी ही सोय फार मोलाची आहे. पहिले काही दिवस गप्प राहून ऐकत बसले तरी चालते.

माइनक्राफ्ट हा ठोकळे रचून जग उभारायचा खेळ मुलांना आधीच ठाऊक असतो. त्याच्या पडद्यावरच्या सूचनांची भाषा बदलून जर्मन किंवा फ्रेंच केली की लाकूड, दगड, कुदळ, भट्टी असे शब्द रोज डोळ्यांखालून जातात. तेवढ्यावर भाषा येत नाही, पण हे काम फुकटात होते. शाळांसाठी मात्र लुआंटी हे तशाच ठोकळ्यांचे जग अधिक सोयीचे आहे, त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

यंत्र, जोडणी आणि वेळ

आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप सेकंड लाइफला पुरतो, फक्त ग्राफिक्सची पातळी खाली आणावी आणि किती अंतरापर्यंतचे दृश्य दिसावे याची मर्यादा ६४ मीटरच्या आसपास ठेवावी. क्षितिजावरचे डोंगर दिसले नाहीत म्हणून भाषेचे काही अडत नाही. संगणकावरच्या व्हीआरचॅटला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेले यंत्र बरे. मायक्रोफोनसह असलेले वायरचे हेडफोन मात्र घ्यावेतच, कारण चार माणसांच्या घरात कुकरच्या शिट्ट्या आणि टीव्हीवरची मालिका थेट जर्मनीपर्यंत पोहोचते.

मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर हा उद्योग करणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. नव्या जागेत शिरताना ती जागा उतरवून घेतली जाते आणि एखादी जागा शंभर एमबीच्या वर सहज जाते. रोज नव्या ठिकाणी भटकण्यापेक्षा दोन-तीन ठरलेल्या ठिकाणीच जावे. त्यात डेटा वाचतो आणि तीच माणसे पुन्हा भेटतात, जे भाषेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. जांबोटी-कणकुंबीकडच्या गावांत, जिथे पावसाळ्यात जोडणीचा भरवसा नसतो, तिथे आवाजाऐवजी लेखी संभाषणावर भर द्यावा.

वेळेचा हिशेब बहुतेक मार्गदर्शनांत नसतो आणि नवखा तिथेच फसतो. जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. आपण जेवण उरकून रात्री साडेनऊला बसलो तर तिकडे रात्रीचा एक वाजलेला असतो, आणि जागे असलेले लोक नवशिक्याला वाक्ये समजावून सांगण्याच्या मनःस्थितीत असतीलच असे नाही. जपानीसाठी संध्याकाळी साडेपाच ते साडेसात ही वेळ धरावी. जर्मनी आणि फ्रान्स उन्हाळ्यात साडेतीन तास व हिवाळ्यात साडेचार तास मागे असतात, म्हणून त्यांच्यासाठी आपली रात्री साडेदहाची वेळ सोयीची पडते आणि शनिवार-रविवारी दुपारही चालते. सेकंड लाइफमधील कार्यक्रमांच्या वेळा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे दिलेल्या असतात. त्यात उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मिळवले की आपली वेळ निघते.

खाते आणि सावधगिरी

खाते उघडताना खरे नाव, गाव, महाविद्यालय, मोबाइल क्रमांक यांपैकी काहीही अवताराच्या माहितीत लिहू नये. उच्चारायला सोपे असे टोपणनाव घ्यावे, आणि माहितीच्या रकान्यात शिकत असलेल्या भाषेत एकच वाक्य लिहावे: मी भारतातून आहे, जर्मन शिकतो आहे, कृपया माझ्याशी सावकाश बोला. या एका वाक्याने लोकांचे वागणे पुष्कळ बदलते.

सेकंड लाइफमधील जागांवर सर्वसाधारण, मध्यम आणि प्रौढ अशा श्रेणींचे शिक्के असतात. नवख्याने पहिली श्रेणी सोडून जाऊ नये. व्हीआरचॅटला किमान वय तेरा असले तरी तिथल्या खुल्या जागांत कोण काय बोलेल याचा नेम नसतो, म्हणून शाळकरी मुलांनी तिथे एकट्याने जाऊ नये हे माझे स्पष्ट मत आहे. कोणाचा आवाज बंद कसा करायचा, कोणाला अडवायचे कसे आणि जागेतून तत्काळ बाहेर कसे पडायचे, या तीन कृती पहिल्याच दिवशी, कोणाशीही बोलण्यापूर्वी, दोनदा करून पाहाव्यात. तिथे ओळख झालेल्या माणसाने पैसे, भेटवस्तूंचे कोड किंवा परदेशातील नोकरीचे आमिष यांपैकी कशाचाही विषय काढला की संभाषण तिथेच थांबवावे. परदेशी नोकरीच्या आशेने भाषा शिकणारी मुले आपल्याकडे बरीच आहेत आणि हा सापळा त्यांच्यासाठीच लावलेला असतो.

काम घेऊन जाणे

सर्वांत जास्त लक्ष द्यावे असा भाग हा आहे. आभासी जगात जाण्यापूर्वी हातात एक काम असले पाहिजे, आणि ते दुसऱ्या माणसाशी बोलल्याशिवाय पुरे होणार नाही असे असले पाहिजे. 'आज थोडे जर्मन बोलून येतो' हे काम नव्हे. 'अवतारासाठी फुकट हिवाळी कोट कुठे मिळतो ते विचारून, त्या दुकानापर्यंत जाऊन, कोट घालून परत येतो' हे काम आहे. पहिल्या प्रकारात माणूस नमस्कार करून अडखळतो. दुसऱ्या प्रकारात प्रश्न ठरलेला असतो आणि उत्तर समजले की नाही हे कोट मिळाला की नाही यावरून कळते.

कामासाठी एक चिठ्ठी करावी आणि ती लॅपटॉपशेजारी ठेवावी. तिच्यात कामाचे दोन प्रश्न असावेत, अपेक्षित उत्तरांतले सात-आठ शब्द असावेत, आणि संभाषण घसरले की ते सावरण्याची वाक्ये तर असावीतच. जर्मनमध्ये 'लांगझामर, बिटे' म्हणजे जरा सावकाश. 'क्योनेन झी दास बिटे नोख माल झागेन?' म्हणजे हे पुन्हा सांगाल का; 'वास बेडॉयटेट दास?' म्हणजे याचा अर्थ काय. जपानीत 'युक्कुरी ओनेगाई शिमासु' आणि 'मोउ इचिदो ओनेगाई शिमासु' यांनी तेच काम होते. नवशिक्याची बहुतेक संभाषणे शब्द कमी पडल्यामुळे नव्हे, तर ही सावरणारी वाक्ये वेळेवर तोंडात न आल्यामुळे मोडतात आणि मग समोरचा माणूस दयेपोटी इंग्रजीवर येतो. तो इंग्रजीवर आला तरी आपण आपल्या वाक्यावर ठाम राहावे. दोन-तीन वाक्यांनंतर बहुतेक लोक परततात.

सुरुवातीची सत्रे अर्ध्या तासाची पुरेत. पहिली पाच मिनिटे उभे राहून ऐकावे किंवा वाचावे, कारण कोणत्या विषयावर बोलणे चालले आहे हे न पाहता मध्ये शिरणे तिथेही असभ्यच मानले जाते. मग एखाद्या मोकळ्या दिसणाऱ्या माणसापाशी जाऊन काम काढावे. उत्तर आले की कृती करावी: सांगितलेल्या दिशेने चालावे, चुकीच्या दारापाशी पोहोचले तर परत येऊन 'ते दार बंद आहे' असे सांगावे. ही चूक आणि तिची दुरुस्ती म्हणजेच सराव होय, आणि ती टाळण्यासाठी नकाशा उघडून स्वतःच दुकान शोधणे म्हणजे कामावर पाणी ओतणे आहे. यंत्राकडून आपोआप भाषांतर करून घेण्याची सोय असेल तर तीही या अर्ध्या तासात बंद ठेवावी.

काम झाल्यावर लगेच दुसरे काम काढू नये. बाहेर पडून वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: समोरच्याने वापरलेले पण आपल्याला नवे असलेले एक वाक्य, आपल्याला म्हणायचे होते पण जमले नाही असे एक वाक्य, आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारायचा एक प्रश्न. लेखी संभाषणाची प्रत आपल्या संगणकावर जपून ठेवावी. जगांचा भरवसा नसतो. शिक्षकांच्या आवडीचे मोझिला हब्ज हे आभासी जग मोझिलाने ३१ मे २०२४ रोजी बंद केले आणि ज्यांचे वर्ग केवळ तिथेच मांडलेले होते त्यांना नव्याने घर शोधावे लागले.

उच्चार सुधारण्यासाठी मात्र या जगावर विसंबू नये, कारण स्वस्त मायक्रोफोन आणि अडखळती जोडणी यांतून बारकावे ऐकूच येत नाहीत. ते काम वर्गातील ध्वनिफितींवरच करावे. मराठी माणसाला एक फायदा आहे: 'चाक'मधील 'च' ज्याला येतो त्याला जर्मन 'त्साइट'मधील आणि जपानी 'त्सुकी'मधील पहिला वर्ण फारसा जड जात नाही.

शाळेच्या संगणक खोलीत

एखाद्या शिक्षकांना हा प्रयोग वर्गात करायचा असेल तर लुआंटी वापरावे. हे ठोकळ्यांचे जग विनामूल्य आणि मुक्त स्रोताचे आहे. २०२४च्या ऑक्टोबरपर्यंत ते माइनटेस्ट या नावाने ओळखले जात असे. ते जुन्या संगणकांवर चालते, आणि एका संगणकाला सर्व्हर करून खोलीतील इतर संगणक त्याला जोडले की इंटरनेट नसले तरी सारा वर्ग एकाच जगात उतरतो. बाहेरचा कोणी अनोळखी माणूस आत येऊ शकत नाही, त्यामुळे वर सांगितलेली निम्मी सावधगिरी आपोआप पाळली जाते.

मुलांच्या जोड्या कराव्यात. एकाच्या हातात कागदावर काढलेला आराखडा द्यावा आणि दुसऱ्याने, तो आराखडा न पाहता, केवळ ऐकून बांधकाम करावे. बोलणे फक्त शिकत असलेल्या भाषेत. समजा भाषा जर्मन आहे आणि एक बुरूज उभा आहे. 'ठोकळा बुरुजावर ठेव' म्हणताना 'आउफ देन टुर्म' म्हणावे लागते, आणि ठेवून झाल्यावर 'ठोकळा बुरुजावर आहे' म्हणताना तेच 'आउफ देम टुर्म' होते. मराठीत दोन्हीकडे 'बुरुजावर' एवढेच असल्याने आपल्या विद्यार्थ्यांना हा फरक तक्त्यावरून पाठ करूनही टिकत नाही. ठोकळा हलतो आहे तोवर 'देन' आणि जागेवर बसला की 'देम', हे स्वतः वीस-पंचवीस ठोकळे रचताना बोलले गेले की तक्त्याकडे पाहण्याची गरज कमी होते. हाच खेळ इंग्रजीसाठी किंवा मराठी माध्यमाच्या मुलांच्या कन्नडसाठीही चालतो. पालक मात्र खिडकीतून डोकावून 'शाळेत गेम खेळवतात' असे म्हणणार हे गृहीत धरावे, आणि पहिल्याच तासाला त्यांना शेजारी बसवून आराखडा वाचायला लावावे.

किती काळ आणि कुठवर

आठवड्यातून अर्ध्या तासाची तीन सत्रे नवशिक्याला पुष्कळ झाली. हेडसेट वापरणाऱ्यांनी सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटांतच ते उतरवावे, कारण गरगरू लागल्यावर भाषेकडे लक्ष राहत नाही. ठरलेल्या जागेत दोन-चार ओळखी झाल्या की त्यांच्यापैकी एकाशी अदलाबदलीचा करार करावा: अर्धा वेळ त्यांची भाषा आणि अर्धा वेळ इंग्रजी, हिंदी किंवा त्यांना हवी ती आपल्याकडची भाषा. सीमाभागातील तरुणाकडे देण्यासारख्या तीन-चार भाषा सहज असतात, त्यामुळे त्याने या सौद्यात संकोचण्याचे कारण नाही.

बी१च्या पुढे गेल्यावर कामेही बदलावीत. दिशा आणि दुकाने यांत आता शिकण्यासारखे फार उरत नाही. परिचारिकेने जोडीदाराला रुग्ण करून त्याच्याकडून दुखण्याची माहिती काढावी, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फौंड्रीत काम करणाऱ्या अभियंत्याने एखादे यंत्र कसे चालते ते समोर बांधून दाखवत समजावून सांगावे. औपचारिक पत्र, तक्रारअर्ज, आलेखाचे वर्णन हे लेखनप्रकार मात्र आभासी जगात कोणी लिहीत नाही आणि तिथल्या तुटक, संक्षिप्त लिखाणाची सवय उत्तरपत्रिकेत मारक ठरते. म्हणून परीक्षेला महिना उरला की सत्रे आठवड्याला एकावर आणावीत आणि मोकळा झालेला वेळ जुन्या प्रश्नपत्रिकांतील पत्रे घड्याळ लावून लिहिण्यास द्यावा.